जिनातल्या दुखण्यांचा हर्रास

सत्तरच्या दशकात सरकारनं कापसाची सगळी खरेदी स्वतःच्या हाती घेतली आणि कारंज्याचे कापूस व्यापारी बसून राहिले. त्यांच्या धंद्याचं काय झालं ते वर्तमानपत्रांत आलं. त्यांच्या हातांचं काय झालं ते आलं नाही. मी ज्या जिनात हजेरी लिहीत होतो त्याचे मालक, म्हणजे आमचे शेटजी, तरुणपणापासून कापसाच्या हर्रासात बसलेले. बोली वाढवायची तर ते तोंडानं बोलत नसत, टोपीला हात लावत. हर्रास बंद झाले. पण हंगाम लागला की सकाळच्या वेळी त्यांचा उजवा हात अधूनमधून टोपीकडे निघे आणि अर्ध्या वाटेवरून परत मांडीवर येई.

मी तेव्हा दोन कामं करीत होतो. सकाळी जिनाच्या फाटकाशी हजेरी आणि संध्याकाळी अकोल्याच्या एका दैनिकासाठी गावच्या बातम्या. वाशिम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो, आणि ऑपरेशन होईल असा दवाखानाही अकोल्यालाच होता.

जिनात कापसातली सरकी वेगळी निघते आणि उरलेल्या रुईच्या गाठी बांधल्या जातात. सरकारी खरेदी आमच्याच आवारात चाले. शेतकऱ्यांच्या गाड्या फाटकातून आत येत, सरकारी माणूस प्रत ठरवी, काट्यावर वजन होई. शेटजी ओसरीवर बसून हे पाहत. स्वतःच्या आवारात दुसरा माणूस कापूस घेतो आहे, तोही भावासाठी घासाघीस न करता, हे दृश्य त्यांना पाहवत नसे. पण ते रोज पाहत.

त्यांच्या शेजारी आणखी एक बेकार माणूस बसे. हा बाजारात हर्रास बोलणारा म्हातारा. सगळे त्याला काका म्हणत. आवाज असा की काका चहा मागू लागले तर रस्त्यापलीकडच्या हॉटेलात ऐकू जाई. सरकारी खरेदीत बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून काका सकाळी येत, चहा घेत आणि जेवणाच्या वेळी उठून जात.

कामगारांच्या दवापाण्याची सोय जिनाकडे होती. ती शेटजींच्या वडिलांनी सुरू केलेली. कोणी आजारी पडलं की मुनीमजी चिठ्ठी देत, चिठ्ठी पाहून गावातला डॉक्टर औषध देई आणि महिनाअखेर बिल जिनात येई. सोय सुरू झाली तेव्हा गावात एकच डॉक्टर होता आणि त्याच्याकडे एकच औषध होतं. लाल मिक्श्चर, बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी, एका खाचेएवढं सकाळी, एका खाचेएवढं संध्याकाळी. पुढं गावात इंजेक्शन आलं. कामगारांना त्याची इतकी गोडी लागली की सुई न टोचता परत पाठवणारा डॉक्टर त्यांना कामचुकार वाटू लागला. डोकं दुखलं तर सुई, ठेच लागली तर सुई. बिलं फुगत गेली. एकदा फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ठणठणीत असताना सुई घेतल्याचं उघडकीस आलं.

"तुले झालं काय होतं बे?" मुनीमजींनी विचारलं.

"काईच नाई. चिठ्ठी होती खिशात. वाया गेली असती."

या सगळ्यात एकाच माणसाचं दुखणं खरोखर मोठं होतं. गाठी बांधायच्या प्रेसवर तो होता. कामरगावकडचा, बौद्ध कुटुंबातला, जिनामागच्या खोल्यांत बायकोसह राहणारा. प्रेसच्या पेटीत उभं राहून रुई पायानं तुडवायची, मग लोखंडी पट्टी ओढून आवळायची, हे त्याचं काम. त्याच्या जांघेत अंतर्गळ होता. दिवसातून कितीदा तरी गोळा खाली उतरे. तो पेटीतच पाठ टेकून हातानं तो आत सारी आणि वरून बारदानाचा पट्टा बांधी. म्हाताऱ्या मिक्श्चरवाल्या डॉक्टरनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, आणि तेव्हा मी चिठ्ठी घेऊन सोबत गेलेलो होतो. "आज हातानं आत जातं. ज्या दिवशी जाणार नाही त्या दिवशी आतडं अडकलं समज. त्या दिवशी धावाधाव करून उपयोग होईलच असं नाही. ऑपरेशन करून घे."

मुनीमजींनी ऑपरेशनची चिठ्ठी दिली नाही. चिठ्ठी औषधाची असते, ऑपरेशन हे औषध नव्हे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्याची बायको जिनातच कवडी वेचायला होती. कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. बाया ढिगाभोवती बसून तो हातानं बाजूला काढतात. तिनं शेटजींना ओसरीवर गाठलं.

"शेटजी, आमच्या मानसाचं ऑपरेशन कोन करीन?"

शेटजींच्या हाती त्या महिन्याची बिलं होती. त्यांनी तिच्याऐवजी मुनीमजींना विचारलं, "या डॉक्टराईचा भाव कोन ठरवते?"

"डॉक्टरच ठरवते, शेटजी."

"माल त्याचा अन् भावही त्याचाच? मंग बाजार कायले बांधला आपन?"

काकांनी कप खाली ठेवला. मग शेटजी म्हणाले, "हर्रास करू."

बेत असा ठरला. गावातल्या डॉक्टरांना बोलवायचं. जिनातल्या सगळ्या कामगारांचं सालभराचं दवापाणी एकाच डॉक्टरला द्यायचं. सुई असो, मिक्श्चर असो, ऑपरेशन असो, सगळं त्याच्या अंगावर. त्यानं माणशी सालाचा एक भाव सांगायचा. ज्याच्या नावानं भाव तुटेल, म्हणजे बोली पक्की होईल, त्याचे कामगार. "ऑपरेशनही?" तिनं विचारलं. "सगळं," शेटजी म्हणाले. ती ढिगाकडे परत गेली आणि बायांना म्हणाली, "ज्याच्या नावानं तुटन त्यानं माह्या मानसाले अकोल्याले न्यावं. एवढं मले समजलं, बाकी तुमी समजा."

बेत कागदावर चांगला होता. पुढं मी पाहिलं आहे की असे बेत कागदावर चांगलेच असतात.

हर्रासाच्या आधी शेटजींनी जुन्या पद्धतीनं एक प्रयत्न करून पाहिला. कापसाच्या धंद्यात हर्रासाच्या आधी हत्ता चाले. दोघांनी रुमालाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. शेटजींनी म्हाताऱ्या डॉक्टरला ओसरीवर बोलावलं, उपरणं पसरलं आणि हात खाली घातला. डॉक्टरनंही घातला. शेटजींनी त्याची दोन बोटं दाबली. डॉक्टर डोळे मिटून स्वस्थ बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "पित्त वाढलंय. तिखट कमी करा."

मग नमुन्याचा दिवस आला. शेटजींच्या मते नमुना पाहिल्याशिवाय कोणीही भाव सांगू नये आणि कोणीही माल घेऊ नये. म्हणून दोन्ही बाजूंनी नमुने ठेवले होते. डॉक्टरांनी कामगार पाहायचे आणि कामगारांनी डॉक्टर. तीन डॉक्टर आले. एक मिक्श्चरवाला म्हातारा. दुसरा पलटणीतून परत आलेला इंजेक्शनवाला, त्याची बॅग पत्र्याची होती. तिसरे होमिओपॅथीवाले निवृत्त मास्तर, त्यांच्या गोळ्या साखरेच्या होत्या आणि ते प्रत्येकाला स्वप्नांविषयी विचारत.

"रात्री कसली स्वप्नं पडतात?" त्यांनी एका जिनवाल्याला विचारलं.

"सपन पडाले झोप तं लागली पाह्यजे, मास्तर. मशीन चालू असते."

"आणि झोप लागली तर?"

"तं मशीन बंद पडल्याचं."

कामगारांनी आवारात मांडलेल्या तिन्ही दुकानांसमोर रांगा लावल्या. म्हातारा एकेक चमचा लाल मिक्श्चर देत होता. लोक चव घेऊन आपसात चर्चा करीत होते. होमिओपॅथीच्या गोळ्या बायांनी पोरांसाठी पदरात बांधून घेतल्या. इंजेक्शनवाल्यानं नमुना म्हणून सुई टोचायला नकार दिला, तर रांगेत नाराजी पसरली. शेवटी त्यानं नुसती सुई उकळून दाखवली. ती पाहूनच दोघांना बरं वाटलं. पहारेकऱ्यानं तिन्हीकडचे नमुने घेतले आणि पुन्हा मिक्श्चरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या बाजूला मुनीमजींनी कामगारांचा ढीग लावला होता. हा शब्द त्यांचाच. गाडी भरताना शेतकरी पांढराशुभ्र कापूस वर ठेवतो आणि कवडी खाली दाबतो, हे मुनीमजी आयुष्यभर पकडत आले होते. त्या दिवशी त्यांनी स्वतः तेच केलं. धडधाकट हमाल पुढं, त्यांच्यामागं जरा कमी धडधाकट, मग खोकणारे, आणि प्रेसवाल्याला रुईच्या गोदामात पाठवून बाहेरून कडी लावली. गोदामाला वर एक जाळी होती. तिच्यातून त्याचा आवाज आला.

"मुनीमजी, मले काहून कोंडलं?"

"चूप राह्य. तुले पाहून भाव चढन."

"मंग भाव तुटल्यावर काढसान का?"

"तवा काढीन."

त्याची बायको हे ऐकत उभी होती. तिच्या दृष्टीनं हिशेब बरोबर होता. भाव तुटेपर्यंत नवरा दिसला नाही तर उलट बरंच होतं.

हर्रास त्याच दुपारी ओसरीसमोर झाला. गावातले बसून राहिलेले सगळे व्यापारी आले होते. हर्रास कशाचा आहे याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. बरेच जण कडक इस्त्रीची टोपी घालून आले होते. काका ओट्यावर उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला तेव्हा बैलांनी माना वळवल्या.

मिक्श्चरवाल्या म्हाताऱ्यानं पहिला भाव सांगितला. तो कमी होता. शेटजींच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. आता पुढच्यानं याहून कमी सांगायचा, मग त्याहून कमी, आणि सगळ्यांत कमी सांगेल त्याला काम द्यायचं, असं त्यांनी मनात धरलं होतं. ते मनातच राहिलं होतं. काकांना ते कोणी सांगितलं नव्हतं. सांगण्याची गरज आहे असं कोणाला वाटलं नव्हतं, कारण हर्रास म्हणजे काय हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"याच्या वर कोन?" काका गरजले.

डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्यांदा इंजेक्शनवाल्याच्या लक्षात आलं. त्यानं वरचा भाव सांगितला. "याच्या वर?" मास्तरांनी जरा संकोचून आणखी वरचा सांगितला. म्हातारा डॉक्टर म्हणाला, "असं असेल तर माझा पहिला धरू नका," आणि मास्तरांच्याही वर गेला.

मुनीमजींनी काकांचं धोतर ओढलं. "काका, खाली जाचं हाये. खाली."

काकांनी बोलता बोलताच उत्तर दिलं, "हर्रास खाली जाते का बे? बह्याड झाला का?" आणि व्यापारी हसले. मुनीमजी शेटजींकडे वळले, म्हणजे शेटजींनी थांबवावं. पण शेटजी तिथं नव्हते. म्हणजे बसले तिथंच होते, पण काकांचा आवाज कानावर पडू लागल्यापासून ते कुठल्या तरी जुन्या हंगामात गेले होते. डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित कलती, दुसऱ्यांना दमू द्यायचं आणि शेवटी आपण उतरायचं ही त्यांची पूर्वीची बैठक. मी ती आधी कधी पाहिली नव्हती. व्यापाऱ्यांनी पाहिली होती. ते गप्प झाले आणि नीट बसले.

बोली चढत गेली. मास्तर गळाले. म्हातारा डॉक्टर घाम पुसून थांबला. इंजेक्शनवाल्यानं असा भाव सांगितला की तो सांगून त्याचा त्यालाच ठसका लागला.

"याच्या वर कोन? एक वार..."

शेटजींचा हात टोपीला लागला.

"शेटजी वर गेले! एक वार, दोन वार, तीन वार! शेटजीले दिला!" आणि काकांनी खांद्यावरचा पंचा ओट्यावर आपटला.

व्यापाऱ्यांनी वा वा केली. सवयीनं. मग हळूहळू ती थांबली. शेटजींनी टोपीवरचा हात काढून समोर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"काका," ते म्हणाले, "मी कसा घेईन? मी तं मालक हाये."

"मालकानं बोली लावू नये असं सांगतलं होतं का तुमी?"

"नाई."

"मंग?"

त्या दिवशीची बातमी मी नियमाप्रमाणं लिहून एस.टी.नं अकोल्याला पाठवली. कोणी, काय, कुठे, कधी, हे सगळं पहिल्याच वाक्यात होतं. संपादकांचा उलट निरोप आला की स्वतःच्या कामगारांच्या आजारपणाचा हर्रास मालकानं स्वतःच जिंकणं शक्य नाही, तरी पुन्हा खात्री करावी. मी खात्री करून तीच बातमी पुन्हा पाठवली. ती शेवटी आतल्या पानावर बाजारभावाच्या रकान्यात आली, तुरीच्या खाली. "कारंजा : कामगार, तेजी."

शेटजी सौदा मोडू शकले असते. ते ओसरीवर बसून हे सगळं थट्टेवारी नेऊ शकले असते. पण भाव तुटल्यावर त्यांनी आयुष्यात कधी माघार घेतली नव्हती, आणि ज्यांच्यादेखत भाव तुटला होता ते सगळे व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आले होते. काय होतं ते पाहायला. शेटजी म्हणाले, "तुटला तं तुटला. माल माहा." एका बाजूनं त्यांना हेही पटलं होतं की मधला डॉक्टर गेला, म्हणजे त्याचा नफा वाचला. कापसात ते असंच करीत.

ते अकोल्याच्या ठोक औषध बाजारात गेले. काय पाहिजे ते त्यांनी दुकानदाराला विचारलं नाही, काय स्वस्त आहे ते विचारलं. जंताच्या गोळ्या स्वस्त होत्या. त्यांनी मोठा डबा उचलला. पुढचे कितीतरी दिवस ओसरीवर सकाळी दवाखाना चाले. कामगार येई, शेटजी जीभ बाहेर काढायला सांगत, सरकीची प्रत पाहावी तसे तिच्याकडे तिरपे पाहत आणि गोळी देत. खोकल्याला गोळी, डोळे आले तर गोळी, कंबर धरली तर गोळी.

"शेटजी, माहा हात चेंदला," एक मशीनवाला म्हणाला.

"हाताले मुनीमजी पट्टी बांधतीन. अन् ही घे."

"हे कायची?"

"जंत असतीन तं पडतीन."

त्या हंगामात आमच्या जिनात कोणाला जंत राहिले नसावेत. बाकी सगळं राहिलं.

प्रेसवाल्यालाही गोळी मिळाली. त्याच्या बायकोनं ती हातात घेऊन विचारलं, "शेटजी, हे गोळा वर धरीन का?"

"पाहू."

"कवा पाहू? तुमच्याच नावानं तुटलं ना?"

"अवं, हंगाम संपू दे. हंगामात प्रेसवर दुसरा मानूस कोठून आनू?"

तो पेटीत रुई तुडवत राहिला. बारदानाचा पट्टा तिनं दुहेरी करून दिला. दुपारच्या सुट्टीत तो भिंतीला पाय वर टेकून झोपे, म्हणजे गोळा आपोआप आत जाई. बाकीचे त्याला चिडवत, "काय गा, उलटा वाढून राह्यला का?" तो म्हणे, "वाढून राह्यलो म्हून तं बांधून ठेवलं." एक दिवस सकाळी मी हजेरी घेताना त्याचं नाव पुकारलं तर आला नाही. थोड्या वेळानं त्याची बायको आली, पण खोल्यांच्या बाजूनं नव्हे, रस्त्याच्या बाजूनं. ती बैलगाडीपुढं चालत होती. गाडीत कडब्यावर तो गुडघे पोटाशी घेऊन आडवा होता. चेहरा घामानं भिजला होता. मी जवळ गेलो.

"आत नाई जाऊन राह्यला," तो म्हणाला. एवढंच.

तिनं गाडी बरोबर फाटकाच्या मधोमध आणली, जू खाली टेकवलं आणि बैल सोडून बाजूला बांधले.

हा बाजाराचा जुना कायदा होता. हर्रासात घेतलेला माल व्यापारी उतरवून घेईना, उद्या ये, परवा ये म्हणू लागला, की शेतकरी त्याच्या फाटकात गाडी सोडी. सोडलेल्या गाडीला व्यापाऱ्यानं हात लावायचा नसे. माल उतरवायचा, मगच गाडी निघे. तोवर फाटक बंद. हे तिला कुठं शिकण्याची गरज नव्हती. अशी गाडी फाटकात पाहिली नाही असा माणूस आमच्या भागात नव्हता.

मागं कापसाच्या गाड्या येऊन थांबू लागल्या. रांग वळणापर्यंत गेली. मुनीमजी धावत आले. "अवं बाई, गाडी काढ! सरकारी खरेदी हाये!"

"माल खाली करा, काढतो."

"कोनता माल?"

तिनं गाडीकडे बोट केलं. "तुमच्या शेटजीनं घेतला थो."

रांगेतले शेतकरी खाली उतरून जमले. त्यांना प्रकरण समजावून सांगावं लागलं, आणि ते समजायला फारसा वेळ लागला नाही. एकानं विचारलं, "हर्रास झाला होता का?" झाला होता. "भाव तुटला होता का?" तुटला होता. "मंग माल काहून उतरवून नाई घेत?" स्वतःचा कापूस उन्हात थांबलेला असताना तो रागावला होता तो शेटजींवर. आवारातून सरकारी अधिकारी आला, त्यानं फाटकाकडे पाहिलं आणि हे आपल्या खात्यात येत नाही असं म्हणून परत गेला.

शेटजी ओसरीवरून उतरून फाटकाशी आले. गाडीत पाहिलं. मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण जन्मभराची भाषा तोंडात होती.

"हा माल मले दाखवला नव्हता," ते म्हणाले. "नमुन्यात नव्हता. कट्टी लागन."

कट्टी म्हणजे खराब मालाची कापणी. वजनावर मालात कवडी निघाली तर व्यापारी भावातून तेवढं कापून घेई. मागून कोणीतरी म्हणालं, "मानसाले कट्टी?" कोणी हसलं नाही. तिनं काकांकडे पाहिलं. काका चहासाठी नुकतेच येत होते.

"काका, तुमीच सांगा. हर्रास तुमी केला."

काका गाडीजवळ आले. प्रेसवाल्यानं त्यांना पडल्या पडल्या नमस्कार करायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. काका हळू बोलले. त्यांना हळू बोलताना मी त्या एकाच वेळी ऐकलं.

"शेटजी, नमुन्याच्या दिशी हा कोठी होता?"

शेटजींनी मुनीमजींकडे पाहिलं.

"गोदामात," मुनीमजी म्हणाले.

"कडी कोनं लावली?"

मुनीमजी मागच्या गाड्या मोजू लागले.

"लपवनारा तुमचाच मानूस अन् घेनारे तुमीच. कट्टी कोनाले लावता? लावाची तं सोताले लावा. पह्यले माल उतरवा."

शेटजींनी जीप बोलावली. गाडीतून त्याला उचलताना शेतकऱ्यांनी हात लावले. बैल जुंपून गाडी बाजूला झाली आणि रांग पुढं सरकली. शेटजी पुढच्या सीटवर बसले. मुनीमजींनी विचारलं की तुम्ही कशाला, मी जातो. "माल उतरताना घेनारा हजर पाह्यजे," शेटजी म्हणाले. तिला आणि मला मागं त्याच्याजवळ बसवलं. वाटेत खड्डा आला की तो डोळे मिटे आणि ती ड्रायव्हरच्या खांद्यावर चापट मारी.

अकोल्याच्या सर्जननं पोटाला हात लावला आणि नर्सला तयारी करायला सांगितलं. आतडं अडकलं होतं. त्याला आत नेत असताना सर्जन हात धुवायला निघाला, तर शेटजींनी व्हरांड्यात त्याला अडवलं आणि उपरणं पुढं पसरलं. सर्जनला हत्त्याविषयी काही माहीत नव्हतं. त्यानं उपरण्याखाली हात घातला, शेटजींचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिला. शेटजींनी बोटं दाबली. सर्जननं हात सोडला.

"तुम्ही आधी त्या बाकावर बसा," तो म्हणाला. "उठू नका. याचं झालं की तुम्हाला तपासतो."

भाव न ठरता ऑपरेशन सुरू झालं. शेटजींच्या आयुष्यातला तो पहिला असा व्यवहार असावा. ते बाकावर बसून राहिले. ती भिंतीशी उकिडवी बसली होती. मग शेटजींनी खिशातून काहीतरी काढून तिच्यापुढं धरलं. ती जंताची गोळी होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ती परत खिशात ठेवली.

सर्जन बाहेर आला. आतडं काळं पडू लागलं होतं, पण रंग परत आला, कापावं लागलं नाही, माणूस वाचला, असं त्यानं सांगितलं. मात्र यापुढं पेटीत रुई तुडवणं बंद. तिनं पदर तोंडाला लावला. मग शेटजींकडे वळली.

"शेटजी, आता हा कोनाचा? सालभर तुमच्या नावानं हाये म्हून इचारलं."

"घेऊन जाय. तुहाच हाये."

"कट्टी?"

शेटजींचा हात वर निघाला. मी टोपीकडे पाहत होतो. पण तो कपाळापाशी थांबला, त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "नाई लावत. फाटकावर बसव त्याले. पहारेकऱ्याले प्रेसवर टाकतो, थो लय तब्येतीचा हाये."